सात दिवसांचा वनप्रवास

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या माणसाला अरण्य ही फार दूरची वस्तू वाटते. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली ही नावे उच्चारताच भरून वाहणाऱ्या आगगाड्या, उंच उंच इमारती आणि मोटारींच्या न संपणाऱ्या रांगा डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु याच उपनगरांच्या मधोमध, पूर्वेस मुलुंड-भांडुप आणि पश्चिमेस बोरिवली-गोरेगाव यांच्या दरम्यान, सुमारे १०४ चौरस किलोमीटर विस्ताराचे एक अरण्य आहे. पूर्वी त्याला बोरिवली राष्ट्रीय उद्यान म्हणत. आज ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान या नावाने प्रसिद्ध आहे. एवढ्या मोठ्या महानगराच्या कुशीत बिबट्या मोकळेपणी हिंडत असल्याचे उदाहरण जगात विरळाच.

या उद्यानापासून आरंभ करून विदर्भातील मेळघाट, पेंच आणि ताडोबा ही अरण्ये पाहून परत यावयाचे झाल्यास मोटारीने सुमारे सात दिवस लागतात. या प्रवासात नाना प्रकारचे वृक्ष, पशू व पक्षी दृष्टीस पडतात, हे तर खरेच. पण विचारी प्रवाशाच्या मनात आणखी एक गोष्ट ठसते. रस्ता आणि रान यांची वाटेत पुनःपुन्हा गाठ पडते. कोठे रस्ता रानाला कापून जातो, कोठे रानासाठी रस्ता उचलून धरावा लागतो, तर कोठे तो जमिनीखाली न्यावा लागतो. माणसाला जशी जाण्यायेण्यास वाट हवी, तशी ती रानातील प्राण्यांनाही हवी असते. या दोन वाटांचा मेळ कसा घालावा, हा आजच्या काळातील एक कठीण प्रश्न आहे.

प्रवासाचा पहिला दिवस बोरिवलीस द्यावा. पश्चिम द्रुतगती मार्गावरील गलबला मागे टाकून उद्यानाच्या दारातून आत शिरले, की थोड्याच अंतरावर हवा गार लागते. साग, खैर, ऐन, पळस, करंज, काटेसावर यांची दाटी दिसू लागते. डोंगरउतारावर कारवीची झुडपे माजलेली असतात. ही कारवी मोठी विलक्षण वनस्पती आहे. सात-आठ वर्षे ती नुसती वाढते, मग एका पावसाळ्याच्या शेवटी सारा डोंगर एकदम जांभळा करून टाकते आणि बी धरून वाळून जाते.

उद्यानाच्या अंतर्भागात कान्हेरीची लेणी आहेत. काळ्या दगडात खोदलेली ही लेणी संख्येने शंभराहून अधिक असून त्यांचे काम इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपासून पुढे कित्येक शतके चालू होते. सोपारा आणि कल्याण या प्राचीन बंदरांच्या परिसरातील व्यापारी या भिक्षूंच्या विहारांना दान देत. लेण्यांच्या बाजूस पाण्याच्या पोढी, म्हणजे खडकात खोदलेली टाकी, आहेत. पावसाचे पाणी खडकातील पन्हळींतून या टाक्यांत उतरावे, अशी योजना त्या जुन्या कारागिरांनी केली होती.

तीच युक्ती पुढे मुंबई शहराने मोठ्या प्रमाणावर वापरली. या अरण्यातील विहार तलाव १८६० साली पुरा झाला आणि मुंबईला नळाचे पाणी प्रथम मिळाले. त्यानंतर १८७९ साली तुळशी तलाव तयार झाला. आज मुंबईला लागणारे बहुतेक पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा दूरच्या जलाशयांतून येते. तथापि विहार आणि तुळशी यांचे पाणी अजूनही नगराच्या उपयोगी पडत आहे. वृक्षांची मुळे माती धरून ठेवतात, पालापाचोळा पावसाचे पाणी जिरवितो आणि तेच पाणी हळूहळू झिरपत तलावाकडे जाते. रान नष्ट झाले तर पहिल्याच पावसात डोंगरावरची माती तलावात येऊन पडेल.

या उद्यानाचा खरा राजा म्हणजे बिबट्या. २०१५ साली स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने केलेल्या पाहणीत येथे ३५ बिबटे आढळले होते. पुढील पाहण्यांत ही संख्या वाढलेली दिसली. बिबट्या दिवसा झाडीत दडून असतो आणि रात्री भक्ष्याच्या शोधार्थ निघतो. चितळ, माकड, रानडुक्कर हे त्याचे भक्ष्य. परंतु अरण्याच्या कडेला उघड्यावर कचरा साचला, की तेथे मोकाट कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्याही वस्तीपर्यंत येतो. २००४ साली उद्यानाच्या आसपास बिबट्यांच्या हल्ल्यांत कित्येक माणसे प्राणास मुकली. तेव्हा पुष्कळांना वाटले, की बिबट्याला पकडून दूर नेऊन सोडावे, म्हणजे झाले. पण अभ्यासकांना निराळेच दिसून आले. परक्या रानात सोडलेला बिबट्या बावरतो, मूळ ठिकाणाकडे परतू पाहतो आणि त्या धडपडीत माणसांशी त्याची गाठ अधिक पडते. म्हणून २०११ पासून वनखाते आणि नागरिक यांनी मिळून लोकांना सावध व शहाणे करण्याचे काम हाती घेतले. कचरा झाकून ठेवणे, काळोखात मुलांना एकटे न सोडणे, बिबट्या दिसल्यास गर्दी न करणे, अशा साध्या गोष्टींवर त्यात भर होता.

उद्यानातील पाड्यांवर राहणाऱ्या वारली बांधवांना ही शिकवण नवीन नव्हती. वारल्यांचा वाघोबा हा देव वाघाचे आणि बिबट्याचेही रूप मानला जातो. दिवाळीच्या आरंभी वाघबारस येते, त्या दिवशी त्याची पूजा होते. ज्याच्याबरोबर राहावयाचे, त्याचे भय बाळगावे आणि मानही राखावा, हा त्या पूजेचा अर्थ आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे मोटार पूर्वेकडे धावू लागते. ठाणे मागे पडले, की भिवंडीजवळ आमणे येथे समृद्धी महामार्ग लागतो. मुंबई आणि नागपूर यांना जोडणारा हा मार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा असून २०२२ साली त्याचा पहिला टप्पा व २०२५ साली शेवटचा टप्पा खुला झाला. सह्याद्रीचा कडा चढताना पूर्वी कसारा घाटाची वळणे घ्यावी लागत. या मार्गावर इगतपुरीच्या डोंगरातून सुमारे आठ किलोमीटर लांबीचा बोगदा खणला आहे. घाटमाथा मागे पडताच डोंगर मागे सरतात आणि ऊस, कांदा, कापूस, सोयाबीन यांची शेते दोहों बाजूंना पसरत जातात. हा मार्ग काही अभयारण्यांजवळूनही जातो. तेथे प्राण्यांना अलीकडून पलीकडे जाता यावे म्हणून मार्गाच्या वरून आणि खालून वाटा बांधल्या आहेत.

या वाटांची आवश्यकता काय, हे कळण्यासाठी दोन प्राण्यांच्या प्रवासाची हकिकत ऐकण्याजोगी आहे. २००९ साली घाटमाथ्यावरील एका गावात एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून त्याच्या गळ्यात ठावठिकाणा कळविणारा पट्टा बांधण्यात आला आणि माळशेज घाटात त्याला सोडून देण्यात आले. त्याचा पोक्त, शांत स्वभाव पाहून अभ्यासकांनी त्याला ‘आजोबा’ हे नाव दिले. हे आजोबा स्वस्थ बसले नाहीत. रात्री चालावे, दिवसा झुडपात पडून राहावे, असा क्रम ठेवून त्यांनी कसाऱ्याजवळ महामार्ग आणि लोहमार्ग ओलांडला, वसईची खाडी पोहून पार केली आणि सुमारे १२० किलोमीटर अंतर तोडून ते मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या रानात पोहोचले. वाटेत गावे होती, गुरे होती, माणसे होती. पण त्यांनी कोणाही माणसास इजा केली नाही. दोन वर्षांनी, २०११ च्या डिसेंबरात, मुंबईजवळच्या एका महामार्गावर वाहनाची धडक बसून आजोबांचा अंत झाला. डोंगर, खाडी आणि लोहमार्ग यांना पुरून उरलेला तो प्राणी एका धावत्या वाहनापुढे हतबल ठरला.

दुसरी हकिकत एका तरुण वाघाची. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला हा वाघ २०१९ सालच्या पावसाळ्याच्या सुमारास घर सोडून निघाला. त्याच्याही गळ्यात पट्टा होता, म्हणून त्याचा मार्ग कळू शकला. शेतांच्या बांधांवरून, ओढ्यानाल्यांच्या काठाने, रात्री रस्ते ओलांडीत, तेलंगणाच्या हद्दीत जाऊन पुन्हा महाराष्ट्रात येत, तो बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोवर त्याने १,३०० किलोमीटरांहून अधिक चाल केली होती.

वाघ असा का भटकतो? वाघाचा बच्चा सुमारे दोन वर्षांचा झाला, की त्याला आईचे क्षेत्र सोडावे लागते. जवळच्या रानात आधीच दुसरा बलवान वाघ ठाण मांडून असेल, तर त्याला दूरचे रान शोधावे लागते. या भटकंतीचा एक मोठा लाभ आहे. दूरदूरच्या रानांतील वाघांचा संबंध येत राहिला, तरच त्यांची संतती निकोप राहते. एखादे अरण्य चोहोंकडून रस्ते, कालवे आणि वस्त्या यांनी वेढले गेले, तर ते बेटासारखे होते. बेटावरच्या वाघांना बाहेरचे रक्त मिळत नाही आणि काही पिढ्यांत त्यांचे बळ खचू लागते. म्हणून एका अरण्यातून दुसऱ्या अरण्यात नेणाऱ्या झाडीच्या पट्ट्यांना फार महत्त्व आहे. वन्यजीवांचे अभ्यासक त्यांना भ्रमणमार्ग म्हणतात.

कारंज्याजवळ समृद्धी महामार्ग सोडून प्रवासी अमरावतीमार्गे परतवाड्यास येतो आणि तिसऱ्या दिवशी सातपुड्याच्या रांगांत शिरतो. हाच मेळघाट. घाटांचा मेळ, असे या नावाचे मर्म सांगतात आणि वळणामागून वळण घेताना ते मनोमन पटते. खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या पाच नद्या येथून निघून तापीला मिळतात. डोंगरमाथ्यावर चिखलदरा हे थंड हवेचे ठिकाण आहे. भीमाने कीचकाचा वध करून त्याला येथील दरीत लोटले, म्हणून ‘कीचकदरा’ आणि त्याचे पुढे ‘चिखलदरा’ झाले, अशी आख्यायिका आहे. येथे कॉफीची लागवडही होते.

भारत सरकारने १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू केला, तेव्हा देशभरातील नऊ अरण्यांची प्रथम निवड झाली. त्यांत महाराष्ट्रातील एकटा मेळघाट होता. येथे सागाचे रान आहे. वाघ, अस्वल, गवा, सांबर, रानकुत्रा हे प्राणी येथे राहतात. याच रानात रानपिंगळा नावाचे एक लहानसे घुबड आहे. १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षे तो कोणाही अभ्यासकाला जिवंत आढळला नव्हता. तो नामशेष झाला असेच सर्वांनी धरले होते. १९९७ साली खानदेशात शहाद्याच्या बाजूस तो पुन्हा दिसला आणि पुढे मेळघाटातही सापडला. माणसाच्या नजरेआड असलेले सारेच नष्ट झालेले नसते, हे त्या चिमुकल्या पक्ष्याने दाखवून दिले.

मेळघाटात कोरकू लोकांची वस्ती आहे. त्यांची भाषा मराठीहून अगदी निराळी असून तिचे नाते पूर्व भारतातील मुंडारी, संथाळी या भाषांशी आहे. वाघांना निवांत जागा मिळावी म्हणून बोरी, कोहा, कुंड इत्यादी गावे अरण्याच्या गाभ्यातून उठून बाहेर वसली. ज्या मातीत पूर्वज राहिले, ती सोडून जाणे कोणालाही सोपे नसते. गावे उठली तेथे पुढे गवत वाढले आणि हरणे चरू लागली, हे प्रवाशाने आनंदाने पाहावे. परंतु त्या गवताची किंमत कोणी दिली, याचाही विसर पडू देऊ नये.

येथील वाटांविषयीही वाद झालेला आहे. अकोल्याहून खांडव्याकडे जाणारा अरुंद रुळांचा जुना लोहमार्ग या व्याघ्र प्रकल्पातून जात असे. ते रूळ रुंद करण्याची वेळ आली, तेव्हा मार्ग होता तेथूनच न्यावा की अरण्याला वळसा घालून न्यावा, हा प्रश्न निघाला. वळसा घेतल्यास खर्च आणि अंतर वाढते. सरळ गेल्यास वेगवान गाड्या रात्रंदिवस वाघांच्या घरातून धावतात. दोन्ही बाजूंना आपापली कारणे होती.

चौथ्या दिवशी प्रवासी अमरावती व नागपूर मागे टाकून उत्तरेस वळतो आणि पेंचच्या अरण्यात येतो. हे अरण्य महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांत पसरलेले आहे. रुडयार्ड किपलिंग यांचे ‘जंगल बुक’ १८९४ साली प्रसिद्ध झाले, त्यातील मोगलीच्या कथा याच बाजूच्या सिवनीच्या डोंगरांत घडतात. पेंच नदीवर तोतलाडोह येथे मोठे धरण आहे. नागपूर शहराची तहान प्रामुख्याने या नदीच्या पाण्यावर भागते. विहार-तुळशी आणि मुंबई यांचे जे नाते, तेच पेंच आणि नागपूर यांचे. अरण्य आणि नगर ही एकमेकांपासून किती दूर आहेत असे वाटते. पण नळाची तोटी उघडताच ते अंतर नाहीसे होते.

पेंचमधील रात्र उपनगरातील मुलांनी अवश्य अनुभवावी. मुंबईच्या आकाशात दिव्यांच्या झगमगाटामुळे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या चांदण्या दिसतात. येथे मात्र आकाशगंगेचा पांढुरका पट्टा डोक्यावरून गेलेला स्पष्ट दिसतो. काळोख राखण्यासाठी येथील गावांत दिव्यांचा प्रकाश खाली जमिनीकडेच पडेल अशी व्यवस्था करण्यात आली. २०२४ साली पेंचला भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे काळोख्या आकाशाचे राखीव क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली. काळोख हीदेखील जपण्याची वस्तू आहे. निशाचर प्राण्यांचे सारे जीवन त्यावरच अवलंबून असते.

रस्ता आणि रान यांच्या कलहातून निघालेला सर्वांत बोधप्रद तोडगा याच ठिकाणी पाहावयास मिळतो. श्रीनगरहून कन्याकुमारीस जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ पेंचच्या रानातून जातो. तो चौपदरी करावयाचे ठरले, तेव्हा वन्यप्रेमी मंडळींनी हरकत घेतली आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. अखेर रस्ता झाला, परंतु काही ठिकाणी तो खांबांवर उचलून धरण्यात आला. महाराष्ट्रातील टापूत अशी नऊ ठिकाणे असून त्यांची लांबी ५० मीटरांपासून ७५० मीटरांपर्यंत आहे. वरून मालमोटारी धडधडत जातात आणि खालून रानातील वाट चालू राहते. प्राणी त्या वाटेने जातील का, अशी पुष्कळांना शंका होती. २०१९ साली तेथे कॅमेरे लावून पाहिले, तेव्हा १८ जातींचे वन्य प्राणी त्या वाटेने जाताना आढळले. चितळ, रानडुक्कर यांच्याबरोबर वाघही त्यांत होते. माणसाने थोडी जागा सोडली, तर प्राणी तिचा उपयोग करून घेण्यास चुकत नाहीत.

पाचव्या दिवशी पेंचहून निघालेली मोटार नागपूर, उमरेड या वाटेने चंद्रपूर जिल्ह्यात उतरते. आता ताडोबा जवळ आलेले असते. १९५५ साली स्थापन झालेले ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान होय. पुढे १९८६ साली शेजारी अंधारी अभयारण्य झाले आणि दोन्ही मिळून १९९५ साली ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. येथील आदिवासी गोंड. तारू नावाचा एक पुरुष वाघाशी झुंजताना मरण पावला आणि लोक त्याला देव मानू लागले. त्याच्यावरूनच ‘ताडोबा’ हे नाव पडले, असे सांगतात. तलावाच्या काठी त्याचे ठाणे आहे. पौष महिन्यात तेथे जत्रा भरते. रानातील रस्त्याच्या कडेने जुने उंच दगडी खांब उभे दिसतात. राजाची स्वारी येत असल्याची वर्दी पुढे जावी म्हणून या खांबांवरून दोर ओढून घंटा वाजवीत, अशी समजूत आहे.

सहावा दिवस संपूर्ण ताडोबात घालवावा. सूर्योदयाच्या सुमारास वनखात्याची उघडी गाडी मंद गतीने निघते. बांबूच्या बेटांवर दव असते. तलावाच्या काठी मगर ऊन खात पडलेली असते. एकाएकी माकड झाडावरून खाकरते, मागोमाग चितळाची तीक्ष्ण हाक येते आणि वाटाड्या गाडी थांबवून बोटाने खूण करतो. वाघ जवळ आहे! कधी तो पिवळ्या गवतातून रस्त्यावर येतो, गाड्यांकडे ढुंकूनही न पाहता धीम्या पावलांनी चालत जातो आणि पुन्हा रानात मिसळून जातो. कधी तासन् तास वाट पाहूनही दिसत नाही. तेव्हा हिरमुसून जाण्याचे कारण नाही. धुळीत उमटलेला पंजा, झाडाच्या सालीवरील नखांचे ओरखडे, पाणवठ्यावरील भीतभीत येणारी हरणे, हे सारे वाघाचेच अस्तित्व सांगत असते. विदर्भातील अरण्यांत आयुष्य वेचलेले वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांनी असे रानाचे वाचन कसे करावे, हे मराठी वाचकांना शिकविले. २०२५ साली त्यांचे निधन झाले.

ताडोबाभोवतीच्या गावांतील कित्येक तरुण-तरुणी आज वाटाडे म्हणून काम करतात आणि त्यांच्या संसारांना वाघाचा आधार झाला आहे. परंतु नाण्याची दुसरी बाजूही आहे. मोहफुले किंवा तेंदूची पाने वेचण्यासाठी, गुरे चारण्यासाठी रानाच्या कडेला गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात दगावल्याच्या घटना या जिल्ह्यात दरवर्षी घडतात. प्रवासी दोन दिवस वाघ पाहून घरी जातो. गावकऱ्याला मात्र वर्षाचे बाराही महिने वाघाच्या शेजारी राहावयाचे असते. वाघ वाचविण्याचे श्रेय देताना प्रथम त्या गावकऱ्याचे नाव घेतले पाहिजे.

सातवा दिवस परतीचा. पल्ला लांबचा, म्हणून पहाटेच निघावे लागते. मुंबईच्या जवळ येईतो बहुधा रात्र पडते आणि ठाण्याहून बोरिवलीकडे जाण्यासाठी घोडबंदरचा रस्ता धरावा लागतो. या रस्त्याच्या एका अंगाला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आहे आणि पलीकडे खाडीपारही त्याच रानाचा एक भाग आहे. येथे वाहनांची ये-जा कधीच थांबत नाही. रात्रीच्या वेळी मोटारीच्या प्रखर दिव्यांनी प्राण्याचे डोळे दिपतात आणि पळून जाण्याऐवजी तो जागच्या जागी खिळून राहतो. दिवसा तापलेली डांबरी सडक रात्री उबदार असते, म्हणून साप आणि रातवा पक्षी तिच्यावर येऊन बसतात. चालकाने वेग थोडा कमी ठेवला, तर यांतील कित्येक जीव वाचतील. त्यासाठी कायदा, पैसा किंवा मोठे यंत्र यांपैकी कशाचीही गरज नाही.

उपनगरांतील गर्दी वाढत चालली आहे आणि माणसांना नवे मार्ग हवे आहेत. गोरेगाव-मुलुंड आणि ठाणे-बोरिवली ही ठिकाणे जोडण्यासाठी राष्ट्रीय उद्यानाच्या खालून जोडबोगदे नेण्याचे ठरले असून २०२४ च्या जुलैमध्ये त्यांचे भूमिपूजन झाले. रस्ता जमिनीखालून गेला तर वरचे रान अखंड राहील, असा यामागील विचार आहे. तरीही बोगद्याच्या तोंडाशी झाडे तोडावी लागतात, खोदकामाचे हादरे बसतात आणि काही कुटुंबांना घरे सोडावी लागतात. म्हणूनच अशा प्रत्येक कामाच्या वेळी नागरिकांनी विचारले पाहिजे, की या मार्गाने माणसांचा किती वेळ वाचेल आणि त्यासाठी रानाला व रानातील माणसांना काय द्यावे लागेल?

बोरिवलीपासून ताडोब्यापर्यंतची अरण्ये नकाशावर हिरव्या ठिपक्यांसारखी वेगवेगळी दिसतात. वस्तुतः ती नद्यांनी, डोंगरांनी आणि प्राण्यांच्या पाऊलवाटांनी एकमेकांशी बांधलेली आहेत. सात दिवसांत माणूस मोटारीतून जे अंतर सुखाने काटतो, तेच अंतर एखादा वाघ जिवावर उदार होऊन रात्रीच्या काळोखात चालत असतो. दोघेही या भूमीचेच वाटसरू आहेत. माणसाला रस्ता बांधण्याची बुद्धी लाभली आहे. म्हणून दुसऱ्याची वाट मोकळी ठेवण्याचे कर्तव्यही त्याच्याकडेच येते.

शब्दार्थ

विरळा – क्वचित आढळणारा. पन्हळ – पाणी वाहून नेणारी नळीसारखी खाच. पाडा – आदिवासींची लहान वस्ती. पोक्त – वयाने व बुद्धीने परिपक्व. हतबल – ज्याचे बळ चालेनासे झाले आहे असा. निकोप – निरोगी. आख्यायिका – परंपरेने चालत आलेली कथा. नामशेष – केवळ नाव उरले आहे असा. निशाचर – रात्री हिंडणारा. वर्दी – आगाऊ सूचना. रातवा – रात्री कीटक टिपणारा एक पक्षी.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे एकेका वाक्यात लिहा.
(अ) मुंबईला नळाचे पाणी प्रथम कोणत्या तलावातून मिळाले?
(आ) मेळघाटातील नद्या कोणत्या नदीला मिळतात?
(इ) महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान कोणते?

२. कारणे सांगा.
(अ) पकडलेला बिबट्या दूरच्या रानात सोडणे हा खरा उपाय ठरत नाही.
(आ) तरुण वाघाला आईचे क्षेत्र सोडून जावे लागते.
(इ) रात्री सडकेवर साप आणि रातवा पक्षी येऊन बसतात.

३. ‘अरण्य आणि नगर यांचे नाते पाण्याचे आहे’ हे विधान पाठातील दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.

४. ‘आजोबा’ बिबट्याच्या प्रवासाची हकिकत आपल्या शब्दांत सात-आठ ओळींत लिहा.

५. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा: प्राणास मुकणे, ठाण मांडणे, ढुंकूनही न पाहणे, जिवावर उदार होणे.

६. (अ) संधी सोडवा: अभयारण्य, सूर्योदय. (आ) समास ओळखा: रात्रंदिवस, महामार्ग.

७. चर्चा करा: तुमच्या गावाजवळून नवा रस्ता जावयाचा आहे आणि वाटेत झाडी आहे. रस्ता आखणाऱ्यांना तुम्ही कोणते चार प्रश्न विचाराल?